रोलिंग मिलची गाइड, ट्विस्टर आणि रिपीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सळई, गोल बार आणि चौरस बार रोल करणाऱ्या मिलमधले फोरमन, गाइड फिटर आणि खरेदी विभागातली मंडळी कोल्हापुरात गाइड बनवायला किंवा दुरुस्तीला देताना जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न मिलमध्ये गाइड बसवण्याचे आणि चालवण्याचे आहेत, उरलेले ओतकाम आणि मशिनिंगचे. गाइड टिकत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दोष धातूत नसतो, तर लाइनमध्ये आणि सेटिंगमध्ये असतो. म्हणून त्या भागावर जास्त लिहिलं आहे.

गाइडचं नेमकं काम काय?

बार ओढण्याचं काम रोल करतात. गाइडने तो ओढायचाही नसतो आणि ढकलायचाही नसतो. पासच्या, म्हणजे दोन रोलच्या खाचांमधल्या फटीच्या, तोंडाशी बार योग्य जागी, योग्य कोनात धरायचा आणि पलीकडे बाहेर पडला की रोलला न गुंडाळता सरळ पुढे काढून द्यायचा, एवढंच गाइडचं काम. गाइडवर सतत जोर येत असेल, ते तापून लाल होत असेल किंवा बोल्ट वारंवार ढिले पडत असतील, तर बार चुकीच्या रेषेतून येतोय असं समजा. त्या जागी जाड गाइड बसवून तो आजार बरा होत नाही.

एंट्री, डिलिव्हरी, ट्विस्टर, रिपीटर, लूपर यांत फरक काय?

एंट्री गाइड स्टँडच्या, म्हणजे रोलची जोडी बसवलेल्या चौकटीच्या, आत शिरणाऱ्या बाजूला असतं. डिलिव्हरी गाइड बाहेर पडणाऱ्या बाजूला असतं, आणि त्याचं टोक खालच्या रोलच्या खाचेत बसून बार रोलपासून सोडवतं. ट्विस्टर बाराला पीळ देतो, म्हणजे पुढच्या स्टँडपर्यंत पोचेतो तो ९० अंशांत वळतो. रिपीटर म्हणजे अर्धवर्तुळाकार पन्हळ. शेजारी शेजारी मांडलेल्या स्टँडच्या ओळीत एका स्टँडमधून निघालेलं टोक ती वळवून पुढच्या स्टँडच्या तोंडात देते. लूपर दोन स्टँडच्या मध्ये बाराला थोडी ढील देऊन ठेवतो, म्हणजे एक स्टँड दुसऱ्याला ओढत नाही.

रोलर गाइड प्रत्येक स्टँडला लागतं का?

नाही. जिथे बार आडवा पडण्याची शक्यता असते तिथे लागतं. सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ओव्हलवरून, म्हणजे लंबगोल बारावरून, गोल करणारा पास. ओव्हल तिथे उभा, लांब अक्ष वर-खाली ठेवून शिरावा लागतो आणि उभा ओव्हल स्वतःच्या बळावर कधीच स्थिर राहत नाही. जरा कलला की रोल त्याला आणखी कलवतात. डायमंडवरून चौरस करताना तीच अडचण येते. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी रोलरने धरणं भाग आहे.

गोलावरून ओव्हल करताना आत येणारा गोल कसाही फिरला तरी फरक पडत नाही, त्यामुळे कमी वेगाला साधं घासणारं गाइड चालून जातं. वेग वाढला, किंवा बारच्या पृष्ठभागाबद्दल गिऱ्हाईक काटेकोर असलं, की तिथेही रोलर लावलेले बरे. रफिंगच्या पहिल्या दोन-तीन पासमध्ये जाड बिलेटला मजबूत साधं गाइड पुरतं. तिथे रोलर गाइडवर पैसे घालवण्यापेक्षा शेवटच्या चार स्टँडवर घालवा.

रोलर एंट्री गाइडमध्ये कुठले भाग असतात?

रेस्ट बारवर (स्टँडवरच्या ज्या आडव्या दांड्यावर गाइड टेकतं त्यावर) बसणारा बेस, त्यावर गाइड बॉक्स, बॉक्समध्ये पिनवर फिरणारे दोन होल्डर म्हणजे आर्म, प्रत्येक आर्मच्या टोकाला पिन, बेअरिंग, स्पेसर आणि रोलर. रोलरच्या मागे दोन घासणारे इन्सर्ट, त्यांच्या मागे फनेल. बाजूला फट कमी-जास्त करायचा स्क्रू आणि लॉक नट, शिवाय पाण्याची नळी आणि ग्रीस किंवा ऑइल-एअरची (दाबाच्या हवेबरोबर थोडं तेल पाठवणारी) नळी. काही डिझाइनमध्ये आर्मच्या मागे डिस्क स्प्रिंग असतात, म्हणजे जाड टोक आलं तर आर्म किंचित मागे सरकतो.

खरेदीच्या वेळी सर्वांचं लक्ष रोलरवर असतं. तपासायला हवी ती आर्मची पिन आणि तिचं बुश. बुश झिजलं की आर्म डुलतो आणि मग स्क्रू कितीही नेमका फिरवला तरी फट टिकत नाही.

रोलरमधली फट कशी लावायची?

हे काम मिलवर उभं राहून करायचं नाही. गाइड शॉपमध्ये, टेबलावर, स्वच्छ उजेडात करायचं.

आधी नमुना तुकडा. मागच्या पासमधून आलेल्या खऱ्या बाराचा साधारण ३०० मिमी लांबीचा सरळ तुकडा घ्या. तो बाराच्या मधल्या भागातून कापलेला हवा. पुढचं आणि शेवटचं टोक जाड असतं, त्यावर सेटिंग केलं तर बाकीचा सगळा बार ढिला जातो. कापल्याची बर्र काढा, तीन जागी जाडी मोजा. तिन्ही मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा तुकडा घ्या. गाइड कितीही नेमकं लावलं तरी ते नमुन्याइतकंच नेमकं असतं, म्हणून एवढी खबरदारी.

मग रोलरची जोडी. दोन्हींचा खाचेतला व्यास एकमेकांशी ०.०५ मिमीच्या आत जुळला पाहिजे. एकच रोलर टर्न करून जुन्याबरोबर बसवू नका, जोडी नेहमी एकत्र टर्न करा. बेअरिंगवर बसवल्यावर रोलर बोटाने फिरवला तर गुळगुळीत फिरावा, खडखड लागली तर बेअरिंग बदला. दोन्ही खाचा एकाच उंचीवर आहेत हे पाहा, नसतील तर पिनवरचे स्पेसर बदला. खाच ओव्हलच्या पाठीला दोन्ही खांद्यांवर टेकली पाहिजे. फक्त मध्यावर टेकत असेल तर ओव्हलला डुलायला जागा मिळते.

आता तुकडा रोलरमध्ये ठेवून दोन्ही स्क्रू सारखे फिरवा. तुकडा हाताने ओढला तर हलका विरोध जाणवावा आणि दोन्ही रोलर बरोबर फिरावेत. एक फिरतो आणि दुसरा थांबतो असं झालं तर मध्यरेषा सरकली आहे. बेसच्या मध्यरेषेपासून दोन्ही रोलरचं अंतर मोजा, फरक ०.१ मिमीच्या आत आणा. शेवटी गरम बाराचा विचार. थंड तुकडा १२ मिमी जाड असेल तर १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तोच साधारण १.३ टक्के फुगतो, म्हणजे १२.१५ च्या घरात जातो. स्प्रिंग नसलेल्या गाइडमध्ये तेवढी, ०.१ ते ०.२ मिमी, फट उघडून लॉक नट आवळा. आवळल्यावर तुकडा परत घालून बघा, कारण लॉक नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

मागच्या इन्सर्टची फट बाराच्या जाडीपेक्षा २ ते ३ मिमी जास्त ठेवा. त्यांनी दिशा दाखवायची, धरायचं काम रोलरचं.

सेटिंग झालं की गाइडवर खडूने स्टँड, साइज आणि तारीख लिहा आणि फटीचं माप वहीत नोंदवा. ही वही असलेल्या मिलमध्ये साइज बदलायला लागणारा वेळ बराच कमी होतो.

स्टँडवर बसवताना लाइन कशी तपासायची?

रोल थांबवून, कुलूप लावून, डिलिव्हरी बाजूला पासच्या मागे बॅटरी धरा आणि एंट्रीच्या फनेलमधून डोळा लावून पाहा. रोलरच्या फटीतून पासचं उजळलेलं तोंड दिसतं. डावीकडे आणि उजवीकडे रोलरच्या कडेपासून पासच्या कडेपर्यंत प्रकाशाची पट्टी सारखी दिसायला हवी. एका बाजूला पट्टी जाड आणि दुसरीकडे नाहीशी झाली तर गाइड तेवढं बाजूला सरकलं आहे. अर्ध्या मिमीचा फरक या पद्धतीने सहज कळतो. ज्यांच्याकडे ऑप्टिकल सेटिंगचं उपकरण आहे त्यांनी ते वापरावंच, पण बॅटरीची तपासणीही सोडू नये, कारण उपकरण गाइड तपासतं, रेस्ट बार नाही.

रोलर पासच्या जितके जवळ नेता येतील तितके न्या. रोलर सोडल्यापासून रोलच्या पकडीत जाईपर्यंतच्या मोकळ्या अंतरातच ओव्हल कलतो.

कालपर्यंत ठीक चालणारं गाइड रोल बदलल्यावर का बिघडतं?

उंची बदलते म्हणून. खालच्या रोलचा अक्ष जागेवर ठेवून ३२० मिमीचा रोल टर्न होऊन ३०० मिमीवर आला, तर त्याची खाच १० मिमी खाली जाते. रेस्ट बार तेवढा खाली घेतला नाही तर बार वरून खाली वाकत शिरतो आणि डिलिव्हरीला वर उसळतो. ज्या मिलमध्ये फक्त वरचा रोल खाली-वर होतो तिथे पाळी चालू असतानाही हे घडतं: वरचा रोल २ मिमी उचलला की पासचं केंद्र १ मिमी वर जातं. रोल शॉपमधून रोल बाहेर पडताना त्याचा व्यास कार्डावर लिहून गाइड फिटरच्या हातात द्यायची सवय लावा. रेस्ट बारखाली ठेवायच्या शिम ठरलेल्या जाडीच्या, खुणा केलेल्या असाव्यात. पत्र्याचे वाकडे तुकडे नकोत.

बारवरचा दोष बघून कुठलं गाइड चुकलं हे ओळखता येतं का?

बऱ्याच वेळा येतं. बाराचा एक फूट तुकडा कापा, वरची बाजू खडूने खूण करा आणि मग बघा.

फिन, म्हणजे रोलच्या फटीतून बाहेर आलेली धातूची पातळ कड, फक्त एका बाजूला असेल तर एंट्री गाइड त्या बाजूला सरकलं आहे. दोन्ही बाजूंना सारखी फिन असेल तर गाइडला हात लावू नका. मागचा ओव्हल मोठा येतोय किंवा पास झिजलाय. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, अशी तिरकी फिन दिसली तर ओव्हल कलून शिरतोय. रोलर ढिले आहेत, खाच झिजली आहे किंवा ट्विस्टरचा कोन चुकला आहे. दोन्ही फटींवर पायरीसारखा उंचवटा असेल तर रोल अक्षाच्या दिशेने सरकले आहेत, ते काम रोल फिटरचं.

संपूर्ण लांबीवर एकाच जागी सरळ ओरखडा असेल तर कुठलातरी न फिरणारा भाग घासतोय: डिलिव्हरीचं टोक, पाइपचा जोड, इन्सर्टची कड, किंवा अडकून बसलेला रोलर. अडकलेल्या रोलरवर एक सपाट, जळका डाग पडलेला असतो, तो बघितला की वाद उरत नाही.

डाग ठराविक अंतराने येत असेल तर टेप लावा. ३०० मिमी व्यासाच्या रोलवरच्या चिरेचा ठसा दर ९४२ मिमीवर उठतो. ६० मिमी व्यासाच्या गाइड रोलरचा परीघ १८८ मिमी असतो, पण त्यानंतर बार पासमध्ये लांबतो. त्या पासमध्ये बार १.२ पट लांबत असेल तर तयार बारावर डाग साधारण २२६ मिमीवर दिसेल. दोन्ही आकड्यांत एवढं अंतर आहे की रोल दोषी की गाइड, हे दोन मिनिटांत ठरतं.

आणखी एक. बाराची दोन्ही टोकं जाड आणि मधला भाग बारीक येत असेल तर स्टँड एकमेकांना ओढताहेत. ही वेग जुळवण्याची गोष्ट आहे. गाइड आवळून ती सुटत नाही, उलट रोलर फुटतात.

ट्विस्टरचा कोन कसा काढायचा?

ओव्हल स्टँडमधून ओव्हल आडवा बाहेर पडतो आणि पुढच्या आडव्या स्टँडमध्ये उभा शिरायला हवा. हे ९० अंश दोन्हींमधल्या अंतरात सारखे वाटले जातात. त्यामुळे ट्विस्टरचा कोन म्हणजे ९० गुणिले ट्विस्टरचं अंतर, भागिले एकूण अंतर. एकूण अंतर ओव्हल स्टँडच्या रोलच्या केंद्रापासून पुढच्या स्टँडच्या एंट्री रोलरपर्यंत मोजायचं, पुढच्या रोलच्या केंद्रापर्यंत नाही. ही चूक फार वेळा दिसते.

समजा स्टँडची केंद्रं २४०० मिमी अंतरावर आहेत आणि पुढचे एंट्री रोलर त्यांच्या स्टँडच्या २५० मिमी अलीकडे आहेत. एकूण अंतर झालं २१५०. ट्विस्टर ६०० मिमीवर असेल तर कोन २५ अंश. बार थोडा परत फिरतो, म्हणून त्यात २ ते ४ अंश वाढवून सुरुवात करा आणि पहिल्या टोकाकडे बघून नेमका करा. ट्विस्टरपाशी झालेली १ अंशाची चूक पुढच्या गाइडपाशी साडेतीन अंशांची होते, त्यामुळे अंदाजाने पाना फिरवू नका, कोनमापी वापरा.

लहान मिलमध्ये अजूनही पिळाचा पाइप वापरतात. तो स्वस्त आहे, पण बार आत घासत जातो, पीळ झिजतो तसा कोन कमी होत जातो आणि ओरखडे पडतात. रोलर ट्विस्टर घ्यायची ऐपत असेल तर आधी फिनिशिंगच्या अलीकडच्या ओव्हलला घ्या.

आडवे-उभे स्टँड असतील तर ट्विस्टर लागतो का?

लागत नाही, आणि तोच त्या मांडणीचा मोठा फायदा. कल्पना जुनी आहे: मँचेस्टरच्या जॉर्ज बेडसन यांनी १८६२ साली पेटंट घेतलेल्या सलग मिलमध्ये आडवे आणि उभे रोल आळीपाळीने होते. एंट्री रोलर मात्र तिथेही लागतात, कारण ओव्हलला धरायची गरज संपत नाही.

रिपीटरमध्ये बार का अडकतो?

कारणं तीन-चारच असतात. पहिलं म्हणजे पन्हळीच्या जोडांवरची पायरी. लायनरचे तुकडे जिथे जुळतात तिथे पुढचा तुकडा मागच्यापेक्षा किंचित खाली, अर्धा ते एक मिमी असावा. पुढचा वर आला की बाराचं टोक तिथेच ठेचकाळतं. नवे आणि जुने लायनर मिसळून बसवले की नेमकं हेच होतं, म्हणून एका वळणाचे लायनर एकदम बदला.

दुसरं कारण बाराचं टोक. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं किंवा थंड पडलेलं टोक वळणावर फाकतं. शिअरवर (बार कापणाऱ्या यंत्रावर) टोक छाटायचं टाळून वाचलेलं लोखंड एका मिसरोलमध्ये, म्हणजे बार अडकून किंवा भरकटून वाया गेला की, कितीतरी पटीने जातं.

तिसरं, लूप बाहेर पडायला जागा नसणं. टोक पुढच्या स्टँडने पकडल्यावर मागून येणारा जास्तीचा बार पन्हळीतून बाहेर येऊन उतरत्या फरशीवर पसरला पाहिजे. फरशीवर स्केल (गरम लोखंडावरून सुटणारी गंजाची खपली), तुकडे किंवा उखडलेली प्लेट असेल तर लूप तिथे अडतो आणि मागे गाठ बसते. दर पाळीला फरशी झाडणं हे रिपीटरच्या देखभालीतलंच काम समजा. चौथं, रिपीटरचं तोंड आणि डिलिव्हरी पाइप एका रेषेत नसणं. याची तपासणी वर सांगितलेल्या बॅटरीनेच होते.

चिमट्याने बार पकडून देण्यापेक्षा रिपीटर परवडतो का?

हिशेब पैशांचा करायचाच असेल तर परवडतो: बार कमी थंड होतो, प्रत्येक बाराची वेळ सारखी राहते, वेग वाढवता येतो. पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. चिमटा घेऊन उभा असलेला माणूस लाल बाराच्या लूपच्या आत किंवा अगदी कडेला उभा असतो. बार चुकला तर त्याला मागे सरायला सेकंदही मिळत नाही. रिपीटर बसवता येण्यासारखी जागा असताना तिथे माणूस उभा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लूपर नसताना चालेल का?

रफिंगमध्ये चालतं, तिथे बार जाड असतो आणि थोडा ताण सहन करतो. फिनिशिंगकडे बार बारीक होतो तसा प्रत्येक ताण मापात उतरतो. गणित साधं आहे: प्रत्येक स्टँडमधून दर सेकंदाला तेवढाच धातू गेला पाहिजे. शेवटच्या स्टँडमधून १२ मिमीचा बार १२ मीटर/सेकंदाने निघत असेल तर त्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी. मागचा ओव्हल १३८ चौरस मिमीचा असेल तर तो ९.८ मीटर/सेकंदाने यायला हवा. लूपर त्यात झालेला फरक लूपच्या उंचीवरून दाखवतो आणि वेग सुधारायला वेळ देतो. लूपरचा रोलर टोक पुढे पकडलं गेल्यावरच उठावा आणि शेपूट येण्याआधी खाली बसावा. वेळ चुकली तर शेपूट फटका मारते आणि पुढच्या एंट्री गाइडचं फनेल तोडते.

बेअरिंग आठवडाभरही टिकत नाहीत, काय करावं?

आधी बेअरिंग किती वेगाने फिरतंय ते पाहा. १२ मीटर/सेकंदाला ३०० मिमीचा रोल साधारण ७६४ आरपीएमने फिरतो. १० मीटर/सेकंदाने आत येणाऱ्या बारावर ६० मिमीचा गाइड रोलर साधारण ३,१८० आरपीएमने फिरतो, तोही शेजारी हजार अंशांचा बार आणि वरून पाण्याचा मारा असताना. बाजारात मिळेल ते बेअरिंग आणि साधं ग्रीस इथे टिकणार नाही.

बेअरिंग सी३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त फट असलेलं, घ्या, कारण तापल्यावर आतली फट कमी होते. ग्रीस पाण्याने न धुतलं जाणारं, कॅल्शियम सल्फोनेट जातीचं असेल तर उत्तम. मंद स्टँडला प्रत्येक पाळीला ग्रीस पुरतं. फिनिशिंगच्या स्टँडला ऑइल-एअर लावा. त्यात तेल थोडंच जातं, पण हवेच्या दाबामुळे पाणी आणि स्केल आत शिरत नाही, आणि तोच खरा फायदा आहे.

पाण्याचा झोत रोलरच्या खाचेवर पडला पाहिजे, बारावर नाही आणि बेअरिंगच्या सीलवरही नाही. बार येण्याआधी पाणी सुरू करा. विसरलात आणि रोलर लाल झाला तर त्यावर एकदम पाणी सोडू नका, तडे जातात. स्केल पिटमधून परत येणाऱ्या पाण्यात बारीक स्केल असतं आणि नोझल त्यानेच बुजतात. लाइनवर गाळणी बसवा, ती दर पाळीला धुवा.

रोलर कशाचे घ्यावेत?

डी२, म्हणजे आपल्याकडे ज्याला एचसीएचसीआर म्हणतात, ५८ ते ६० एचआरसीपर्यंत (एचआरसी हे कडकपणाचं माप) कडक होतं आणि झिजेला चांगलं. गरम-थंड सतत होत असेल तर त्याला बारीक तडे जातात. एच१३ हे गरम कामाचं स्टील ५० ते ५४ एचआरसीला वापरतात. झीज थोडी जास्त, पण तडे कमी. पाणी बेभरवशाचं असेल तिथे आम्ही एच१३ सुचवतो. टंगस्टन कार्बाइड या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, पण ते ठिसूळ आहे, मिसरोलमध्ये फुटतं. मिल स्थिर चालत असेल, पाणी स्वच्छ असेल, तरच शेवटच्या दोन स्टँडला लावा. स्टेनलेस रोल करणाऱ्यांनी घासणाऱ्या इन्सर्टसाठी अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा विचार करावा, त्यावर बार चिकटत नाही.

गाइड बॉक्स एसजी आयर्नचा की स्टीलचा?

साध्या ग्रे कास्ट आयर्नचा नको. एका मिसरोलच्या धक्क्यात त्याचे दोन तुकडे होतात. एसजी आयर्न म्हणजे आतलं ग्राफाइट गोल कणांत असल्याने कमी ठिसूळ असलेलं बीड. आयएस १८६५ या भारतीय मानकातलं त्याचं ५००/७ ग्रेड, म्हणजे ५०० एमपीए ताणबळ आणि ७ टक्के लांबण असलेलं, बहुतेक बॉक्सना पुरतं आणि मशिनिंगला सोपं. जिथे मार जास्त बसतो आणि तुटल्यावर वेल्ड करून पुन्हा वापरायचं असतं तिथे कास्ट स्टील घ्या. एसजी आयर्नवर मिलमध्ये घाईने केलेलं वेल्डिंग भरवशाचं नसतं.

कोल्हापुरात करून घ्यायचं तर काय पाठवावं?

ड्रॉइंग असेल तर उत्तम. नसेल तर जुना नग, पण झिजलेला नग मोजून नवा केला की झीजही कॉपी होते. म्हणून त्याबरोबर रेस्ट बारचं माप, स्टँडच्या केंद्रापासून रेस्ट बारचं अंतर, रोलचा मोठ्यात मोठा आणि लहानात लहान व्यास, प्रत्येक साइजच्या आधीच्या पासचा नमुना तुकडा आणि बाराचा वेग एवढं पाठवा. नमुना तुकड्यावर स्टँड नंबर पंच करा, कागदी चिठ्ठी वाटेत निघून जाते.

पॅटर्नबद्दल एक सूचना. लोखंडी ओतकाम साधारण १ टक्का आकसतं, स्टील २ टक्के. ३०० मिमीच्या बॉक्सवर हा फरक ३ मिमीचा होतो, त्यामुळे एसजीसाठी केलेला पॅटर्न तसाच स्टीलला वापरायला सांगू नका. मशिनिंगला ३ ते ४ मिमी माल ठेवलेला असावा.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या फाउंड्रींच्या मोल्डिंग लाइन वाहनांच्या सुट्या भागांसाठी लावलेल्या असतात. चार-सहा नगांसाठी ती लाइन कोणी थांबवणार नाही. असं काम हाताने मोल्ड करणाऱ्या किंवा नो-बेक (न भाजता रसायनाने घट्ट होणारी) वाळू वापरणाऱ्या फाउंड्रीला द्या. एसजी ओतकामाबरोबर टेस्ट बारचा रिपोर्ट आणि नोड्युलॅरिटी (ग्राफाइटचा किती भाग गोल कणांत आहे ती टक्केवारी) मागा. ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर नग घेऊ नका. कास्टिंगला मशिनिंगच्या आधी स्ट्रेस रिलीव्ह करायला (तापवून आतला ताण काढायला) सांगा, नाहीतर मिलवर तापल्यावर आर्मच्या पिनची भोकं एका रेषेत राहत नाहीत. दोन्ही पिनची भोकं एकाच सेटिंगमध्ये बोअर झाली पाहिजेत. ही अट पर्चेस ऑर्डरवर लिहूनच द्या, तोंडी सांगितलेली राहून जाते.

जुनं गाइड दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

बॉक्स सरळ असेल, तडा नसेल आणि पिनची भोकं बुश घालून परत मापात येत असतील तर दुरुस्त करा. पायाचा, म्हणजे बेसचा, भाग वाकला असेल तर नवं घ्या. वाकलेला बेस ठोकून सरळ केलेला दिसतो, पण बोल्ट आवळला की पुन्हा ओढला जातो.

किती संच जवळ ठेवावेत?

प्रत्येक स्टँडला एक चालू आणि एक सेट करून तयार. फिनिशिंगला तीन. रोलर, पिन आणि बेअरिंग वेगळे.

गाइड खराब असल्याने सळईच्या वजनात फरक पडतो का?

पडतो. आयएस १७८६ प्रमाणे १२ मिमी सळईचं वजन मीटरला ०.८८८ किलो, आणि सहनमर्यादा ५ टक्के. ओव्हल कलल्याने बार सरासरी १२.२ मिमीचा निघाला तर वजन ३.४ टक्के वाढतं. मर्यादेत बसतं म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण नगावर माल विकणाऱ्याचं तेवढं लोखंड फुकट जातं.

चालू मिलवर गाइड थोडं सरकवलं तर चालेल का?

नाही. बार आत असताना किंवा रोल फिरत असताना गाइडला हात, पाना, हातोडा काहीही लावायचं नाही. स्टँड बंद, मोटरला कुलूप, कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. रोलर फिरतो का हे बघायला फिरत्या रोलजवळ बोट नेऊ नका. बंद झाल्यावर बोटाने फिरवून बघा. गाइडच्या बाजूने चालायचं तर कॉबल गार्डच्या (उसळलेला बार अडवणाऱ्या आडोशाच्या) बाहेरून. मिसरोल झाला तर आधी मागचा शिअर मारून येणारा माल थांबवा, मगच कोणी आत जाईल.